मिसळलेली माणसं: तीन मालिका आणि आपला साहित्य आढावा

मंडळी, गेल्या काही आठवड्यांत तीन मालिका पाहून संपवल्या. 'चेर्नोबिल' (२०१९), 'स्कॅम १९९२' (२०२०) आणि 'रॉकेट बॉइज'चे दोन्ही सीझन (२०२२ आणि २०२३). तिन्ही तशा जुन्या झाल्या, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिल्याही असतील. नसतील पाहिल्या तर आधीच सांगते, पुढे कथानक फुटणार आहे. पण या मालिकांमध्ये शेवटी काय होतं हे इतिहासालाच ठाऊक आहे, त्यामुळे फार बिघडत नाही.

कोणती मालिका भारी आणि कोणती बोअर एवढंच सांगायचं असतं तर चार ओळींत काम झालं असतं. तिन्ही बघण्यासारख्या आहेत. मला बोलायचंय ते एका वेगळ्या गोष्टीबद्दल. खऱ्या घटनेवर मालिका करायची म्हटली की लेखकापुढे अडचण येते: माणसं फार. पाच-दहा तासांत शंभर माणसं कोण लक्षात ठेवणार? मग पाच-दहा जणांना मिसळून एक पात्र तयार होतं. याला आपण 'मिश्र पात्र' म्हणू. नाटक-सिनेमात हे कायम चालतं आणि त्यात गैर काही नाही. प्रश्न इतकाच, की मिसळताना नक्की काय गळून पडलं?

तुम्ही पेटची तयारी करत असाल किंवा सिनॉप्सिस लिहायला बसला असाल, तर हा प्रश्न तुमच्याही कामाचा आहे. कसा, ते शेवटी येईलच.

चेर्नोबिल: जी कधीच चुकत नाही

पाच भागांची ही मालिका क्रेग मेझिन यांनी लिहिली आणि योहान रेंक यांनी दिग्दर्शित केली. २६ एप्रिल १९८६ च्या रात्री सोव्हिएत युक्रेनमधल्या चेर्नोबिल अणुवीज केंद्रात चौथ्या क्रमांकाच्या अणुभट्टीचा स्फोट झाला, तिथून गोष्ट सुरू होते.

आधी जे आवडलं ते. संशोधन शिकणाऱ्या प्रत्येकाने पहिला भाग एकाच आकड्यासाठी बघावा: ३.६ रोंटजेन. स्फोटानंतर किरणोत्सार मोजला जातो, आकडा येतो ताशी ३.६ रोंटजेन. वरिष्ठ म्हणतात, ठीक आहे, फार वाईट नाही. पण हाताशी असलेलं यंत्र त्याहून जास्त मोजूच शकत नव्हतं! काटा शेवटच्या खुणेला टेकला आणि ती खूणच वाचन म्हणून कळवली गेली. हे प्रत्यक्षातही घडलेलं आहे. 'मोजलेला आकडा' आणि 'यंत्राची मर्यादा' यांत फरक काय, हे मापनावरच्या अख्ख्या धड्यापेक्षा या प्रसंगातून पक्कं कळतं. तुमची प्रश्नावली पाचपर्यंतच गुण देत असेल आणि सगळे पाच देत असतील, तर तुमच्या हातातही ३.६ च आहे.

शेवटच्या भागातला खटलाही असाच. शास्त्रज्ञ लेगासोव लाल आणि निळ्या पट्ट्या लावत अणुभट्टी कशी चालते आणि त्या रात्री तोल कसा गेला, ते न्यायालयाला समजावतो. इतकं अवघड भौतिकशास्त्र इतक्या सोप्या रीतीने पडद्यावर क्वचितच पाहायला मिळतं. प्रत्यक्षात १९८७ च्या त्या खटल्याला लेगासोव हजर नव्हते. तरी माझी त्याबद्दल तक्रार नाही, कारण ते दृश्य समजावून सांगण्याचं काम चोख करतं.

तक्रार आहे ती उलाना खोम्युकबद्दल. एमिली वॉटसनने साकारलेली ही मिन्स्कची शास्त्रज्ञ काल्पनिक आहे. लेगासोवच्या बरोबरीने काम करणाऱ्या अनेक शास्त्रज्ञांचं ती प्रतीक आहे, असं मालिका शेवटच्या पाट्यांमध्ये स्वतःच सांगते. हा प्रामाणिकपणा मान्य. पण मालिकेत खोम्युक काय काय करते बघा. दूरवर बसून किरणोत्सार ओळखते, धोक्याचं गणित मांडते, इस्पितळात कर्मचाऱ्यांच्या जबान्या घेते, ग्रंथालयात दडवलेली पानं हुडकते आणि वर लेगासोवला खरं बोलायचं धाडसही देते. आणि या सगळ्यात ती एकदाही चुकत नाही!

खऱ्या शास्त्रज्ञांचा गट असा नसतो. चार जण चार अंदाज बांधतात, त्यातले दोन फसतात, एक अर्धवट बरोबर निघतो. सगळ्यांना एका माणसात ओतलं की फसलेले अंदाज बाहेर पडतात आणि फक्त बरोबर उत्तरं उरतात. मग त्या पात्राने काहीही सांगितलं तरी आपण मान डोलावतो.

एक उदाहरण देते. वितळलेला गाभा खालच्या पाण्याच्या टाक्यांत पडला तर दोन ते चार मेगाटनांचा स्फोट होईल, असं खोम्युक बैठकीत सांगते. अंगावर काटा येतो. आता कागद-पेन्सिल घ्या. एक मेगाटन म्हणजे साधारण ४.२ × १०^१५ ज्यूल. चेर्नोबिलच्या त्या अणुभट्टीची औष्णिक क्षमता ३,२०० मेगावॉट, म्हणजे सेकंदाला ३.२ × १०^९ ज्यूल. भागाकार केला तर सुमारे १३ लाख सेकंद, म्हणजे १५ दिवस. भट्टी पूर्ण क्षमतेने १५ दिवस सलग चालली तर जेवढी उष्णता बाहेर पडेल, तेवढी एका मेगाटनात असते. दोन मेगाटनांना महिना. वाफेच्या एका स्फोटात एवढी ऊर्जा कुठून येणार? धोका खरा होता, पण हा आकडा पटण्यासारखा नाही. मालिकेत मात्र त्यावर शंका घ्यायला कुणी उरलेलंच नाही. शंका घेणारेही खोम्युकमध्येच विरघळले आहेत.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मालिका म्हणते की सत्य चांगल्या माणसांना कळलं होतं आणि वाईट माणसांनी ते दाबलं. दडपादडपी झाली, यात शंका नाही. पण कागदपत्रांचा प्रवास पाहिला तर चित्र जास्त गुंतागुंतीचं दिसतं. ऑगस्ट १९८६ मध्ये व्हिएन्नाला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीत सोव्हिएत पथकाने अहवाल मांडला, मांडणारे होते खुद्द लेगासोव. त्यावर आधारलेल्या 'इन्सॅग-१' या अहवालाने मुख्य दोष कर्मचाऱ्यांवर टाकला. पुढे नवी माहिती बाहेर आली आणि १९९२ च्या 'इन्सॅग-७' अहवालात तोल बदलला: भट्टीची रचना, नियंत्रण कांड्यांची घडण, सुरक्षेबद्दलची एकूण बेफिकिरी यांना जास्त वजन मिळालं. कांड्या आत सोडताना सुरुवातीला शक्ती घटण्याऐवजी वाढू शकते, हे १९८३ मध्ये लिथुआनियातल्या इग्नालिना केंद्रात दिसून आलं होतं. त्याबद्दल संबंधित संस्थांना कळवलंही गेलं होतं. कृती मात्र झाली नाही.

म्हणजे फाडलेली पानं कुणी एकीने शोधून काढावीत, अशी ही गोष्ट नव्हती. माहिती टेबलांवर पोचली होती आणि तिथेच पडून राहिली होती. माझ्या मते हे दडपण्यापेक्षाही भयंकर आहे, आणि नेमकं हेच मिश्र पात्रामुळे हरवतं.

रॉकेट बॉइज: मतभेदाचा झाला हेवा

अभय पन्नू यांनी दिग्दर्शित केलेली ही मालिका होमी भाभा आणि विक्रम साराभाई यांच्यावर आहे. जिम सर्भचा भाभा लाजवाब! बोलण्यातला तोरा, चित्र-संगीताची आवड, पंतप्रधानांशी 'भाई' म्हणून बोलण्याची सलगी, सगळं जमून आलंय. आपल्याकडे शास्त्रज्ञांवर मालिका म्हणजे धूप-अगरबत्तीचा कार्यक्रम असतो, तो इथे बऱ्याच अंशी टळलाय. थुंब्याच्या चर्चमध्ये रॉकेटची जुळणी चालते, तो भाग तर पुन्हा पुन्हा बघावा असा.

आता दुखणं. मालिकेत डॉ. रझा हे पात्र आहे. कोलकात्याचा भौतिकशास्त्रज्ञ, सायक्लोट्रॉनच्या मागे लागलेला, भाभांशी उभा दावा मांडलेला. दिब्येंदू भट्टाचार्य यांनी काम छान केलंय. रझा काल्पनिक आहे असं निर्मात्यांनी सांगितलेलं आहे. पण ज्याने भारतीय विज्ञानाचा थोडाही इतिहास वाचलाय, त्याला मेघनाद साहा आठवल्याशिवाय राहत नाहीत. मालिका आली तेव्हा अनेकांनी हा आक्षेप घेतलाही.

साहा कोण होते? १८९३ साली ढाक्याजवळच्या खेड्यात एका लहान दुकानदाराच्या घरी जन्म. जातीवरून कोलकात्याच्या वसतिगृहात सोसलेला अपमान. १९२० मध्ये मांडलेलं आयनीभवनाचं समीकरण, ज्याच्या आधाराने ताऱ्यांच्या वर्णपटावरून त्यांचं तापमान वाचता येऊ लागलं. कोलकात्यात उभी केलेली अणुभौतिकीची संस्था. आणि १९५२ मध्ये लोकसभेवर निवड. या माणसाच्या जागी मालिकेत एक काल्पनिक मुसलमान शास्त्रज्ञ येतो आणि हेरगिरीच्या कथानकात संशयाची सावलीही त्याच्या अंगावर पडते. जात गेली, धर्म आला, वर संशय आला. 'पात्र काल्पनिक आहे' एवढ्या पाटीने हे झाकलं जात नाही.

पण आपण संशोधनाचे विद्यार्थी म्हणून आणखी एक गोष्ट बघायला हवी. साहा आणि भाभा यांचं भांडण होतं कशावरून? मालिका पाहिली तर वाटतं, एक श्रीमंत, देखणा, पंतप्रधानांचा लाडका. दुसरा कष्टातून वर आलेला आणि जळणारा. माणसांमध्ये असूया असते, साहांमध्येही असेल. पण त्यांचे मुद्दे वेगळेच होते. अणुसंशोधन एका केंद्रीय यंत्रणेच्या हाती द्यायचं की विद्यापीठांमध्ये वाढवायचं? आधी उद्योग आणि प्रशिक्षित माणसं उभी करायची की आधी आयोग? आणि एवढी गुप्तता कशासाठी? १९५४ मध्ये अणुऊर्जेवर लोकसभेत झालेल्या चर्चेत साहांनी हे प्रश्न जाहीरपणे मांडले.

गुप्ततेचा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नव्हता. १९४८ मध्ये अणुऊर्जा विधेयक घटना समितीपुढे आलं तेव्हा एस. व्ही. कृष्णमूर्ती राव यांनी विचारलं होतं, की ब्रिटनमध्ये गुप्तता संरक्षणापुरती आहे, मग आपल्याकडे शांततेच्या संशोधनावरही का? दोन्ही वेगळं कसं करणार ते कळत नाही, अशा अर्थाचं उत्तर नेहरूंनी दिलं. आणि मतभेद फक्त कोलकात्यात होता असंही नाही. गोव्याचे दामोदर धर्मानंद कोसंबी भाभांच्याच टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिताचे प्राध्यापक होते, पुण्याहून डेक्कन क्वीनने ये-जा करत. ते अणुऊर्जेवर टीका करत आणि सौरऊर्जेची बाजू मांडत. १९६२ मध्ये त्यांचा करार पुढे वाढवला गेला नाही.

आता हे सगळं एकत्र ठेवा. एकाला विद्यापीठांची काळजी, एकाला गुप्ततेची, एकाला ऊर्जेच्या पर्यायांची. तीन माणसं, तीन कारणं. त्यांच्या जागी एक हेवा करणारा प्रतिस्पर्धी उभा केला की मुद्दे मरतात, स्वभाव उरतो. प्रेक्षकाला वाटतं, विरोध करणारा मत्सरी होता म्हणून विरोध करत होता. विद्यापीठांतलं संशोधन आणि खास संस्थांमधलं संशोधन यांतली दरी आजही आपण भोगतोय. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत उपकरणासाठी वर्ष-वर्ष वाट बघणाऱ्या कुणालाही साहांचा मुद्दा लगेच कळेल. मालिकेने तो आपल्यापर्यंत पोचूच दिला नाही, याचं मला वाईट वाटतं.

स्कॅम १९९२: पुराव्याचा रस्ता

तिसरी मालिका विज्ञानाची नाही, पण संशोधनाबद्दल सगळ्यात जास्त शिकवते ती हीच. हंसल मेहता यांची, दहा भागांची. सुचेता दलाल आणि देबाशिष बसू यांच्या पुस्तकावर आधारलेली. सगळे प्रतीक गांधीच्या हर्षद मेहताबद्दल बोलतात आणि ते रास्तच आहे. शीर्षकाचं संगीत तर अजून डोक्यातून जात नाही. दोषही तिथेच आहे. त्या संगीतावर हर्षद चालत आला की तो नायकच वाटतो, आणि ज्यांचे पैसे बुडाले ती माणसं जेमतेम दिसतात.

पण श्रेया धन्वंतरीने केलेली सुचेता बघा. स्टेट बँकेतला एक माणूस वर्तमानपत्राच्या कचेरीत येऊन सांगतो, की पाचशे कोटींचा हिशेब लागत नाही. ही झाली माहिती, पुरावा नव्हे. पुढे ती दुसरीकडून खात्री करते, बँकांचे व्यवहार समजून घेते, कागद कुठून कुठे गेला ते विचारत फिरते. बातमी छापून येते २३ एप्रिल १९९२ ला. मधला रस्ता आपण तिच्यासोबत चालतो, त्यामुळे तिला काय ठाऊक होतं, कधी कळलं आणि कुणाकडून, हे आपल्यालाही ठाऊक असतं.

मालिका बँक रिसीट, म्हणजे बीआर, कशी चालायची तेही नीट सांगते. बँका एकमेकींना सरकारी रोखे तात्पुरते विकायच्या आणि परत घ्यायच्या. प्रत्यक्ष रोखे हलवण्याऐवजी 'रोखे आमच्याकडे आहेत' अशी पावती द्यायची, तीच बीआर. मध्ये दलाल. मागे रोखेच नसताना पावती दिली तर? तर हवेतून पैसा उभा राहतो. असं करणाऱ्यांमध्ये आपल्या बँक ऑफ कराडचंही नाव होतं, आणि त्यातच ती बँक बुडाली. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या जानकीरामन समितीने हे सगळं खणून काढलं. मालिका आवडली असेल तर त्या समितीचे अहवाल चाळा. रंगत कमी आहे, पण घोटाळा एका माणसाच्या हुशारीपेक्षा अनेक संस्थांच्या सवयीवर उभा होता, हे तिथे जास्त स्पष्ट दिसतं.

या मालिकेतही पात्रं बदलली आहेत, प्रसंग रचले आहेत. तरीही ती मला जास्त विश्वासाची वाटते, कारण 'हे कसं कळलं' हा धागा तिने तुटू दिला नाही.

आता आपलं काय?

मालिकावाल्यांना नावं ठेवणं सोपं आहे. पण कोणताही प्रबंध उघडा आणि साहित्य आढाव्याचं प्रकरण काढा. 'अनेक अभ्यासकांच्या मते ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांमध्ये...' आणि कंसात सहा नावं. ही आपली उलाना खोम्युक! त्या सहापैकी एकाने दोन गावांत मुलाखती घेतल्या असतील, एकाने जनगणनेचे आकडे वापरले असतील, एकाचा निष्कर्ष अर्धा उलटा असेल. सगळ्यांना एका वाक्यात ओतलं की एक कधीही न चुकणारा अभ्यासक तयार होतो, आणि मतभेद दिसेनासा होतो. गंमत म्हणजे आपल्याला संशोधनासाठी जी फट शोधायची असते, ती त्या मतभेदातच असते. आधी आपणच ती बुजवतो आणि मग गाइडला विचारतो, 'सर, गॅप कुठे दाखवू?'

डॉ. रझाही आपल्याकडे सापडतो. 'काही टीकाकारांनी या सिद्धांताला विरोध केला, परंतु...' असं वाक्य दिसलं की थांबा. टीकाकार कोण? विरोध कशाला? त्यांचा सगळ्यात मजबूत मुद्दा कोणता? तो लिहिला नसेल, तर आपण विरोधकाला मत्सरी ठरवून पुढे निघालोय.

म्हणून मालिका बघताना आणि आढावा लिहितानाही तीन प्रश्न विचारा.

१. इथे किती माणसं मिसळली आहेत, आणि त्यांच्यात न पटणारं काय होतं?

२. विरोध करणाऱ्याचं कारण आलंय, की फक्त त्याचा स्वभाव आलाय?

३. जे सांगितलं जातंय ते कुणाला, कधी आणि कशावरून कळलं?

मिसळू नका असं मी म्हणत नाही. मिसळावंच लागतं, नाहीतर साहित्य आढावा पाचशे पानांचा होईल आणि गाइड तो परत पाठवतील. दहा जणांचं खरोखर एकमत असेल तर एका वाक्यात खुशाल लिहा. पण मिसळल्यावरही मतभेद आणि त्याचं कारण वाचणाऱ्याला दिसायला हवं, एवढी अट पाळा.

तेव्हा या शनिवार-रविवारी तिन्हीपैकी कोणतीही एक मालिका बघा. नंतर तुमच्या सिनॉप्सिसमधलं 'अनेक अभ्यासकांच्या मते' असलेलं एक वाक्य निवडा आणि त्यातली नावं सुटी करून प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा: कुणाचा अभ्यास केला, कसा केला, काय निघालं. सहा नावं असतील तर सहा ओळी होतील. त्यातल्या ज्या दोन ओळी एकमेकींशी जुळणार नाहीत, त्यांच्याभोवती पेन्सिलने गोल करा. इंटरव्ह्यूला 'तुमच्या विषयात नवीन काय?' असं विचारतील, तेव्हा बोलायला तिथून सुरुवात करा.